जाकार्त्याचे अकरा आणि आजचे अकरा



खेळाच्या मैदानाभोंवतीं बसणाऱ्या मंडळींत एक वाद फार जुना आहे, आणि तो कधीं काळीं मिटेल असें वाटत नाहीं. आमच्या वेळचे खेळाडू श्रेष्ठ कीं आजचे श्रेष्ठ, हा तो वाद. वडील पिढीला गेलेल्या दिवसांतील प्रत्येक खेळाडू भीमार्जुनांच्या तोडीचा वाटतो; तरुण पिढीला तीं सारीं वर्णनें आजोबांच्या गोष्टींतलीं वाटतात. क्रिकेटच्या बाबतींत धांवांचे आणि बळींचे आंकडे तरी हाताशीं असतात. फुटबॉलमध्यें तोही आधार तुटपुंजा. नव्वद मिनिटें बावीस माणसें धांवतात, आणि शेवटीं कागदावर उरतें तें एवढेंच, कीं अमक्यानें तमक्याला दोन विरुद्ध एक गोलनें हरविलें.

आज हाच वाद मी आपल्यापुढें थोड्या निराळ्या रीतीनें मांडणार आहें. भारताच्या फुटबॉल संघानें १९५१ सालीं दिल्लीस आणि १९६२ सालीं जाकार्त्यास आशियाई क्रीडास्पर्धांचें सुवर्णपदक मिळविलें. मधल्या काळांत, १९५६ सालीं, मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें तो चौथा आला. त्याच भारताच्या संघाला २०२७ च्या आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेंत नुसता प्रवेशही मिळवितां आला नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं गोव्यांत, मडगांवच्या मैदानावर, सिंगापूरनें त्याला २-१ असें हरविलें आणि दार बंद झालें. अशा प्रसंगीं एकच उद्गार सर्वत्र ऐकूं येतो: आतां तसे खेळाडू राहिले नाहींत. हा उद्गार कितपत खरा? सगळेच खेळाडू निकृष्ट झाले आहेत, कीं संघाचें एखादें अंगच तेवढें लुळें पडलें आहे? चांगला वैद्य रोग्याला नुसतें 'अशक्त' म्हणून सोडीत नाहीं; कोणतें इंद्रिय बिघडलें आहे तें तो नाडीवर हात ठेवून पाहतो. तद्वत् आपणही पाहूं.

प्रथम जुन्या संघाची ओळख करून घेऊं. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम. हे हैदराबादचे, आणि पेशानें शाळामास्तर. मुंबईच्या कूपरेज मैदानावरून १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक घेऊन जाणारा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ याच गृहस्थांच्या तालमींत तयार झालेला होता. दिल्लीचें सुवर्णपदक, मेलबोर्नचें चौथें स्थान आणि जाकार्त्याचें सुवर्णपदक या तिन्ही वेळीं संघाचे मार्गदर्शक तेच होते. दिल्लीच्या अंतिम सामन्यांत साहू मेवालाल याच्या एकुलत्या एका गोलनें इराणचा पराभव झाला. कप्तान होता शैलेन मन्ना. मेलबोर्नला नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूनें यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्यानें तीन गोल चढविले आणि भारतानें ४-२ असा विजय मिळविला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोलांचा पराक्रम करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. पुढें उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियानें भारताला ४-१ असें हरविलें. पण त्या सामन्यांतही भारताचा एकमेव गोल त्याच्याच पायाचा होता.

आतां जाकार्त्याचा संघ. गोलमध्यें उंचापुरा पीटर थंगराज, बॅकच्या जागीं चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग, मधल्या फळींत राम बहादूर, अरुण घोष आणि मुंबईच्या टाटा संघाचा फोर्तुनातो फ्रँको, आघाडीला पी. के. बॅनर्जी, युसुफ खान, तुलसीदास बलराम आणि कप्तान चुनी गोस्वामी. अकरावा गडी जर्नेल सिंग. हा खरा बचावाचा आधारस्तंभ. पण त्याच्या जागेची हकीकत वेगळी सांगण्यासारखी आहे.

पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारताला २-० असें हरविलें. दुसऱ्या सामन्यांत थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला खरा, पण जर्नेलचें डोकें फुटलें आणि त्याला टांके घालावे लागले. जपानविरुद्धचा सामना त्याच्यावांचून खेळून भारतानें २-० असा जिंकला. उपांत्य सामन्याच्या वेळीं रहीमसाहेबांनीं एक धाडस केलें. जखमी जर्नेलला त्यांनीं बाहेर ठेवलें नाहीं, आणि बचावाच्या जागींही खेळविलें नाहीं. त्याला त्यांनीं आघाडीच्या मधोमध उभा केला आणि त्याची जागा अरुण घोषकडे सोंपविली. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ असा निसटता विजय मिळाला, आणि त्यांत जर्नेलचा एक गोल होता. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हां दक्षिण कोरियाशींच गांठ पडली. भारतीय क्रीडाधिकाऱ्यानें इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल हरकत घेतल्यामुळें जाकार्त्याचे प्रेक्षक खवळलेले होते. मैदानावर भारताच्या बाजूनें ओरडणारे फार थोडे. तरीही पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि जर्नेल यांनीं एकेक गोल केला. कोरियानें अखेरीस एक गोल फेडला, पण २-१ असें सुवर्णपदक भारताकडे आलें.

हें सर्व ऐकून कोणाचीही छाती अभिमानानें फुगेल. परंतु तुलना करावयाची तर तराजू दोन्ही पारड्यांना सारखा पाहिजे. जाकार्त्याच्या फुटबॉल स्पर्धेंत संघ होते अवघे आठ. इस्रायल व तैवान यांना प्रवेशच मिळाला नव्हता. इराण त्या आठांत नव्हता. उझबेकिस्तान त्या वेळीं सोव्हिएट संघराज्याचा एक भाग होता. कतार स्वतंत्र झाला तो १९७१ सालीं. ज्या जपानला आपण २-० असें हरविलें त्या जपानांत तोंवर राष्ट्रीय साखळी स्पर्धाही सुरू झाली नव्हती. पुढें त्याच जपाननें १९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, १९९३ सालीं धंदेवाईक साखळी काढली, आणि २०२२ च्या विश्वचषकांत जर्मनी व स्पेन या दोघांनाही हरविलें. कतारनें आशिया चषक लागोपाठ दोनदां जिंकला. उझबेकिस्ताननें २०२६ च्या विश्वचषकासाठीं पात्रता मिळविली. तात्पर्य, १९६२ सालीं आशियाचें फुटबॉल हें एक लहानसें गांव होतें आणि त्या गांवांत आपलें घर मोठें होतें. पुढें गांवाचें शहर झालें. आपलें घर मात्र तेवढेंच राहिलें. १९६४ सालीं आशिया चषकांत दुसरें स्थान आणि १९७० सालीं बँकॉकला कांस्यपदक, एवढ्या दोन खुणा ठेवून तो काळ संपला. रहीमसाहेब तर जाकार्त्यानंतर वर्षभराच्या आंतच, जून १९६३ मध्यें, कर्करोगानें वारले.

म्हणून जुन्या संघाच्या यशांतून प्रतिस्पर्ध्यांच्या दुर्बलतेची वजावट केलीच पाहिजे. पण वजावट करूनही जें शिल्लक राहतें, तें कोठें आहे याचा आतां शोध घेऊं.

गोलरक्षकापासून आरंभ करूं. थंगराज हा आपल्या काळांतील आशियाचा अग्रगण्य गोलरक्षक होता, हें सर्वमान्य आहे. परंतु आजच्या पिढीचा गुरप्रीत सिंग संधू हाही कांहीं सामान्य खेळाडू नव्हे. नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून तो खेळला, आणि २०१६ सालीं युरोपा लीग या स्पर्धेच्या सामन्यांत उतरणारा पहिला भारतीय ठरला. जुन्या संघांतील एकालाही युरोपांतील क्लबांच्या खेळाचा असा अनुभव नव्हता. बचावाच्या फळींत गेल्या कांहीं वर्षांत संदेश झिंगन, अन्वर अली, मुंबईचा राहुल भेके यांसारखे दणकट गडी उभे राहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्यें खालिद जमील यांची मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली, आणि पुढच्याच महिन्यांत मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेंत भारतानें ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरें स्थान पटकाविलें. शेवटची पेनल्टी अडविली ती गुरप्रीतनेंच. ओमानसारख्या संघाला रोखून धरणें हें मोडक्या बचावाचें काम नव्हे.

बाजूनें चेंडू घेऊन जाणाऱ्यांत मिझोरामचा लालियानझुआला छांगते याच्यासारखे चपळ खेळाडू आहेत. खेळाडूंच्या भरतीचें क्षेत्रही पालटलें आहे. पूर्वीचा संघ मुख्यतः कलकत्ता, हैदराबाद आणि मुंबई येथील मैदानांवर घडला. आतां मिझोराम, मणिपूर, गोवा, पंजाब येथून खेळाडू येतात. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत झाला तेव्हां आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही भारताकडून खेळला. शरीराची कमावणी, आहार, वैद्यकीय देखरेख या सर्वच बाबतींत आजचा खेळाडू जुन्यापेक्षां अधिक सुदैवी आहे. पूर्वी बदली खेळाडूची सोयच नव्हती. जखमी झाला तरी त्याच अकरांनीं सामना पार पाडावयाचा. आतां पांच ताजे गडी मैदानावर आणतां येतात.

मग उणें कोठें आहे? त्यासाठीं दोन हिशेब शेजारीं शेजारीं ठेवतों. जाकार्त्याला भारत पांच सामने खेळला. त्या पांच सामन्यांत त्यानें गोल केले ११ आणि त्याच्यावर झाले ६. आशिया चषकाच्या पात्रता फेरींत २०२५ या वर्षीं भारत पांचच सामने खेळला: बांगलादेशशीं दोन, सिंगापूरशीं दोन आणि हाँगकाँगशीं एक. त्यांत त्याच्यावर गोल झाले ५, आणि त्यानें केले अवघे २. एक रहीम अलीचा, एक छांगतेचा.

श्रोत्यांनीं हे आंकडे क्षणभर मनांत घोळवावे. सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघावर सहा गोल झाले. स्पर्धेच्या दारांतून परत फिरलेल्या संघावर पांच! अर्थात् हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश हे आशियांतील पहिल्या प्रतीचे संघ नव्हेत, म्हणून या पांचांचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. पण मग पहिल्या प्रतीच्या संघांचाच दाखला घेऊं. जानेवारी २०२४ मध्यें कतारमध्यें झालेल्या आशिया चषकांत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध भारतावर तीन सामन्यांत मिळून सहा गोल झाले, आणि भारताचा गोल एकही नाहीं. त्याच वर्षीं ६ जून रोजीं कलकत्त्यास कुवेतशीं सामना झाला. तो जिंकला असता तर विश्वचषकाच्या पात्रतेची तिसरी फेरी भारतासाठीं अगदीं दृष्टिपथांत आली असती. तो ०-० असा बरोबरींत सुटला. समोरचा संघ बलाढ्य असो, बरोबरीचा असो वा दुर्बळ असो, गोल होत नाहीं, हें रोगाचें एकच लक्षण पुन्हां पुन्हां दिसतें.

जाकार्त्याचे अकरा गोल कोणी केले तेंही पाहण्यासारखें आहे. पी. के. बॅनर्जीनें चार, चुनी गोस्वामीनें तीन, बलरामनें दोन आणि बचावांतून उसना आणलेल्या जर्नेलनें दोन. म्हणजे एकाला अडवावें तर दुसरा मोकळा, दुसऱ्याला अडवावें तर तिसरा. उलट, या शतकांत भारताच्या गोलांचा भार दीर्घकाळ एका माणसाच्या खांद्यावर होता. सुनील छेत्रीनें जून २०२४ मध्यें निवृत्ति घेतली तेव्हां त्याच्या नांवावर देशासाठीं केलेले ९४ गोल होते. नऊ महिन्यांनीं, मार्च २०२५ मध्यें, चाळीस वर्षांच्या या खेळाडूला परत बोलवावें लागलें, आणि मालदीवविरुद्ध त्यानें लगेच आणखी एक गोल केला. चाळिशी गांठलेल्या माणसाला पुन्हां रणांगणांत आणावें लागणें हा त्या माणसाचा गौरव आहे. पण संघाच्या दैन्याची ती कबुलीच होय.

गोलरक्षक निपजतात, बॅक निपजतात, बाजूचे खेळाडू निपजतात. मग सेंटर फॉरवर्डच कां निपजूं नये? या प्रश्नाचें उत्तर राष्ट्रीय संघांत शोधून सांपडणार नाहीं. तें क्लबांत आहे.

१९६२ सालीं चुनी गोस्वामी मोहन बागानचा आघाडीचा खेळाडू होता, बलराम ईस्ट बंगालचा, पी. के. ईस्टर्न रेल्वेचा. वर्षभर आपापल्या क्लबसाठीं गोल करणें हीच त्यांची जबाबदारी होती. रहीमसाहेबांच्या हातीं ते आले तेव्हां हें शस्त्र आधींच पाजळलेलें होतें. आजचें चित्र पाहा. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली. तेव्हांपासून २०२५ च्या वसंत ऋतूपर्यंत तिचे अकरा हंगाम झाले. या अकरांपैकीं एकाही हंगामांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू भारतीय नव्हता. २०२४-२५ च्या हंगामांत मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजरईनें २३ गोल केले. भारतीयांत पहिला आला तो १४ गोल करणारा छेत्रीच. क्लबांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांना जिंकावयाचें असतें. गोल करणारा तयार माणूस बाहेरून मिळत असतां घरच्या पोराच्या चुका सोसण्याची उसंत त्यांना कोठली? मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पांचावर आणि पुढें चारांवर आली. परंतु त्या चारांतील एक बहुधा आघाडीच्या मधोमधच उभा असतो, आणि भारतीय मुलगा बाजूच्या जागीं सरकतो, नाहींतर बाकावर बसतो.

येथें एक योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. देशाच्या वरिष्ठ साखळी स्पर्धेंत १९९६-९७ च्या पहिल्याच हंगामांत सर्वाधिक गोल केले ते बायचुंग भुतियानें. २०१३-१४ मध्यें त्या यादींत शिरोभागीं बरोबरींत आलेल्यांपैकीं एक होता सुनील छेत्री. गेल्या तीस वर्षांत भारताला लाभलेले आघाडीचे दोन खरे खेळाडू कोण, असें विचारलें तर हीच दोन नांवें येतील. याला योगायोग तरी कां म्हणावें? क्लबांत ज्याला गोल करूं दिला त्यानेंच देशासाठीं गोल केला, एवढाच त्याचा अर्थ.

जपानपुढेंही हाच पेंच होता. १९९३ सालीं त्यांची धंदेवाईक साखळी सुरू झाली तेव्हां त्यांनींही परदेशांतून नामांकित खेळाडू आणले. परंतु त्यांच्या शेजारीं आपल्या मुलांना उभें राहूं दिलें. अवघ्या सहाव्या हंगामांत, १९९८ सालीं, मासाशी नाकायामा या जपानी खेळाडूनें ३६ गोल करून यादींत पहिलें स्थान मिळविलें. आणि त्याच वर्षीं जपान प्रथमच विश्वचषकांत उतरला. परदेशी खेळाडू आला म्हणजे देशी खेळाडू मरतो असें नाहीं. पण त्याच्या पदराआड झांकला गेला तर मात्र तो वाढत नाहीं.

गोल करण्याची विद्या इतर विद्यांहून थोडी निराळी आहे. बॅकला सरावांतही शिकवितां येतें. समोरच्याला अडवावयाचें कसें, उभें राहावयाचें कोठें. परंतु गोलसमोर मिळणाऱ्या त्या एका क्षणांत पायाला आणि डोक्याला थंड ठेवणें हें केवळ सामन्यांतच शिकतां येतें, आणि तेंही पुष्कळ वेळां चुकून. दहा संधींतील आठ जो दवडतो तोच उरलेल्या दोन साधावयास शिकतो. भारतीय आघाडीच्या खेळाडूला आज कौशल्याइतकीच उणीव आहे ती चुकण्याच्या हक्काची. पहिली संधि हुकली कीं तो बाहेर, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणी. मग तो शिकणार केव्हां? रहीमसाहेब आपल्या शिष्यांकडून कमकुवत पायानेंच चेंडू मारण्याचे सामने खेळवून घेत असत, असें सांगतात. अशा सामन्यांत प्रत्येक फटका चुकणार हें ठरलेलेंच. त्यांनीं जर्नेलला आघाडीवर नेलें, त्यामागेंही हीच वृत्ति होती: माणसाला नव्या जागीं चुकूं द्यावयाचें, आणि त्या चुकांची जबाबदारी गुरूनें घ्यावयाची.

अर्थात् जर्नेलचा तो प्रयोग दोन सामन्यांपुरता होता. त्याच्या बळावर पिढी उभी राहत नाहीं. पिढी उभी राहावयाची तर वर्षांतून भरपूर सामने हवेत, कनिष्ठ साखळ्या हव्यात, आणि त्या वेळेवर सुरू व्हावयास हव्यात. २०२५ सालीं तर देशाची मुख्य साखळीच ठरलेल्या वेळीं सुरू झाली नाहीं. खेळाडू घरीं बसून राहिले. ज्या वर्षीं आपण आशिया चषकाचें दार हुकविलें तेंच हें वर्ष.

तेव्हां आरंभीच्या वादाचा निकाल असा लागतो. जुना संघ सर्वांगानें श्रेष्ठ आणि नवा सर्वांगानें हीन, हें खरें नाहीं. गोलरक्षण आणि बचाव यांत आजचे खेळाडू जुन्यांच्या पंक्तीला बसूं शकतात. जुन्या संघापाशीं गोल करणारे चौघे होते; आज एकाची वाट पाहावी लागते. आणि तो एक मिळत नाहीं याचें कारण या देशांतील आया आतां पी. के. आणि चुनी यांसारख्या पोरांना जन्म देत नाहींत, हें नव्हे. तसा एखादा पोरगा आजही कोल्हापूरच्या एखाद्या पेठेंत, मडगांवच्या एखाद्या वाड्यावर किंवा ऐझॉलच्या एखाद्या चढावर चेंडू मारीत असेल. त्याला मैदानाच्या मधोमध उभा करून, त्याची पहिली नेमबाजी हुकली तरी पुढच्या रविवारीं पुन्हां तेथेंच उभा करणारा कोणी भेटतो कीं नाहीं, यावर पुढच्या सुवर्णपदकाची सारी भिस्त आहे.